सांभाळणार कोण? : मोडेमच्या एका ड्रायव्हरची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांसमोर दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



निवृत्त बँकवाला बोलायला उभा राहिला म्हणजे तो नॉमिनेशन, ठेवींचे व्याजदर नाहीतर ऑनलाईन फसवणूक यावर बोलणार, अशी तुमची समजूत असेल. त्यावर आपण खाली पार्किंगमध्ये रोजच बोलतो. आज मी वेगळा विषय घेतला आहे. मोडेम चालवणारा एक छोटासा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो लिनक्स या संगणकप्रणालीत दाखल करून घ्यायचा तर काय काय दिव्यं करावी लागतात, हा तो विषय.

मी प्रोग्रामर नाही. पण बँकेत काही वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली, त्यामुळे कोणती गोष्ट कोणाच्या सहीने आत आली हे बघायची खोड लागली. निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर लिनक्स वापरायला लागलो तेव्हा ही खोड तिकडे वळली. तिथे जे वाचायला मिळालं ते आपल्या सोसायटीच्या कारभाराशी इतकं जुळणारं आहे की आजच्या प्रसंगी तेच सांगावं असं ठरवलं.

आधी लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. 1991 साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने हौस म्हणून संगणकाचा गाभा लिहायला घेतला. याला कर्नेल म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांना कामाला लावणारा हा कारभारी. 1992 मध्ये त्याने हा गाभा जीपीएल नावाच्या परवान्याखाली आणला. या परवान्याचा अर्थ साधा आहे. कोड कोणीही बघावा, वापरावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला कोड वाटायचा असेल तर त्याचं मूळही याच अटींवर पुढच्याला द्यायचं. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. म्हणजे मालक कोणी एक नाही, आणि वापरणारे मात्र आपण सगळे. सहकारी संस्थेच्या सभासदांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मोडेम. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा घरचा टेलिफोन आणि संगणक यांच्यामध्ये एक डबी असायची. संगणकाला कळतात फक्त शून्य आणि एक, आणि टेलिफोनच्या तारेतून जातो आवाज. शून्य-एकचा आवाज करायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे मोडेमचं काम. तो खरखराट आणि शिट्ट्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना आठवेल की मध्येच कोणी आतल्या खोलीतला फोन उचलला की सगळं तुटायचं!

प्रत्येक यंत्राची स्वतःची बोली असते. ती बोली गाभ्याला समजावून सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. सुरुवातीच्या मोडेमच्या बाबतीत अडचण नव्हती. 1981 मध्ये हेज कंपनीच्या मोडेमबरोबर एक ठरावीक आज्ञांची पद्धत आली आणि पुढे बहुतेक सगळ्यांनी तीच उचलली. एक भाषा, त्यामुळे एकच दुभाषी पुरे. लिनक्सवरही ते मोडेम बिनतक्रार चालत.

पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्ताई आली. कंपन्यांनी मोडेममधली आकडेमोड करणारी चीप काढून टाकली आणि ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललं. ते काम करणारा प्रोग्राम सीडीवर मिळायचा, आणि तो बहुधा फक्त विंडोजसाठी असायचा. या मोडेमना लोक विनमोडेम म्हणायला लागले. दुकानात तुम्ही पूर्ण मोडेमचे पैसे देऊन घरी आणत होता अर्धा मोडेम. उरलेला अर्धा त्या सीडीत. सीडीतला प्रोग्राम तुमच्या प्रणालीवर चालत नसेल तर ते कार्ड म्हणजे पत्र्याचा तुकडा. लिनक्सवाल्यांनी प्रोग्रामचं मूळ मागितलं, तर कंपन्या पेटंटची, टेलिफोन खात्याच्या मंजुरीची, धंद्यातल्या गुपिताची कारणं सांगत. काही कारणं खरीही होती. पण परिणाम असा की धडधाकट यंत्रं निव्वळ दुभाषी नाही म्हणून मुकी झाली.

यातून काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला. ड्रायव्हरचा वरचा थर उघडा आणि आतला गड्डा बंद. हा ड्रायव्हर गाभ्यात दाखल नसायचा. वापरणाऱ्याने तो बाहेरून आणून जोडायचा.

इथे इन्स्पेक्शनवाल्याला आवडेल अशी एक सोय लिनक्समध्ये आहे. बाहेरचा ड्रायव्हर जोडला जातो तेव्हा गाभा त्याला विचारतो, बाबा रे, तुझा परवाना कोणता? परवाना बंदिस्त असेल तर त्याला हाकलून देत नाहीत, पण गाभा स्वतःवर ‘डागाळलेला’ असा शेरा मारून ठेवतो. पुढे संगणक बंद पडल्याची तक्रार आली तर दुरुस्ती करणाऱ्याला आधीच कळतं की आत एक असा भाग आहे जो आपल्याला उघडून बघता येत नाही. आपल्या रिपोर्टमध्ये आम्ही लिहायचो ना, ‘सदर कागदपत्रे तपासणीस उपलब्ध झाली नाहीत’, तसंच.

2004 मध्ये एका मोडेम-ड्रायव्हरच्या कंपनीने या ठिकाणी गंमत केली. परवान्याच्या रकान्यात तिने आधी लिहिलं ‘जीपीएल’. त्यापुढे एक न दिसणारं शून्य-चिन्ह टाकलं. आणि त्याच्याही पुढे लिहिलं की हा परवाना अमुक फोल्डरमधल्या फायलींपुरताच आहे. या कोडच्या भाषेत शून्य-चिन्ह आलं की वाक्य संपलं असं धरतात. त्यामुळे गाभ्याने वाचलं फक्त ‘जीपीएल’, आणि शेरा मारला नाही. हे उघडकीला आलं तेव्हा कंपनीचं म्हणणं असं की, तो इशारा वारंवार उमटून ग्राहक गोंधळत होते म्हणून आम्ही असं केलं. हेतू काहीही असो. चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना पुढे सोडलेल्या मोकळ्या जागेत काय काय होऊ शकतं, हे इथल्या प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक आहे. मोडेम चालला, पण विश्वास गेला.

आता सरळ मार्गाने आलेल्या मोडेमची गोष्ट. 2000 नंतर ब्रॉडबँड आलं. युरोपात घरोघरी यूएसबीला जोडायचे एडीएसएल मोडेम वाटले गेले. त्यातला एक होता अल्काटेलचा स्पीडटच. त्याच्या लिनक्स-ड्रायव्हरमध्ये कंपनीचा 2001 सालचा कोड होता, आणि पुढे तो हौशी मंडळींनी वाढवला. मग दुसऱ्या चिपांचे मोडेम आले. त्यातल्या ॲनालॉग डिव्हाइसेस कंपनीच्या ‘ईगल’ चीपवाल्या मोडेमसाठी आधी एक ड्रायव्हर होता, पण तो गाभ्याच्या बाहेर. तो वापरणाऱ्यांनी स्वतः आणायचा, स्वतः बांधायचा, आणि गाभ्याची नवी आवृत्ती आली की पुन्हा नव्याने झगडायचं.

तो आत घ्यायचा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, यातलं किती आपल्याकडे आधीच आहे? हे सगळे मोडेम माहितीचे 53 बाइटचे छोटे तुकडे पाडून तारेवर सोडतात. या पद्धतीला एटीएम म्हणतात. आपलं पैसे काढायचं एटीएम नव्हे हं! तुकडे पाडण्याचं हे काम सगळ्या मोडेमना सारखंच. मग ते प्रत्येकाने वेगळं का लिहायचं? तेव्हा स्पीडटचच्या ड्रायव्हरमधून हा समाईक भाग काढून वेगळा ठेवला गेला. प्रत्येक मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये उरलं फक्त त्याचं त्याचं वैशिष्ट्य. ईगलचा ड्रायव्हरही या समाईक भागावर बसेल असा नव्याने लिहिला गेला. त्यासाठी बीएसडी नावाच्या दुसऱ्या एका मुक्त प्रणालीवर झालेल्या कामाचाही आधार घेतला. 2006 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या मोडेमच्या पोटातही एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा प्रोग्राम कंपनीच्या मालकीचा. तो उघडा झाला नाही. म्हणून तो गाभ्यात घेतलाही नाही. वापरणाऱ्याने तो वेगळा मिळवून ठेवायचा, अशी सूचना ड्रायव्हरच्या माहितीतच लिहिली. जे आपलं आहे ते आत, जे आपलं नाही ते बाहेर, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ.

आता दाखल व्हायचं म्हणजे काय करायचं? सगळा कोड एकदम आणून टेबलावर ओतला तर कोणी बघत नाही. त्याचे छोटे भाग करायचे. एका भागात एकच बदल, आणि तो का केला याचं टिपण सोबत. तो सर्वांसमोर मांडायचा. मग जाणकार लोक एकेक ओळ वाचून शेरे मारतात. ही मेमरी घेतलीत, ती परत कुठे केलीत? वापर चालू असताना कोणी वायर उपटली तर काय होईल? हे नाव असं का? अगदी समास किती सोडायचा इथपर्यंत नियम आहेत. प्रत्येक पायरीला आठ अक्षरांची जागा, आणि त्या काळी ओळ ऐंशी अक्षरांच्या आत. दुरुस्ती करून पुन्हा आणायचं, पुन्हा शेरे, पुन्हा दुरुस्ती. तीन-चार फेऱ्या झाल्या तर कोणी नवल करत नाही.

नंतर सह्यांची साखळी. लिहिणाऱ्याची सही, मग त्या विभागाच्या जबाबदार माणसाची सही, आणि शेवटी स्वतः टोरवाल्ड्स. आमच्याकडे व्हाउचर एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. रक्कम मोठी असेल तर आणखी वर. हाताखालचा कितीही विश्वासू असला तरी लिहिणारा आणि पास करणारा एकच असता कामा नये, हा नियम बँकिंगमध्ये अनेक ठेचा खाऊन आला आहे.

लिनक्समध्येही सहीचा हा नियम ठेच लागल्यावरच आला. 2003 मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घातला गेला आहे, असं तिचं म्हणणं. खटला वर्षानुवर्षं चालला. पण त्या निमित्ताने प्रश्न उभा राहिला की कोणती ओळ कोणी आणली हे आपण खात्रीने सांगू शकतो का? 2004 मध्ये नियम झाला. कोड देणाऱ्याने खाली नाव आणि पत्ता लिहून सही करायची. सहीचा अर्थ असा की हे मी स्वतः लिहिलं आहे किंवा हे देण्याचा मला अधिकार आहे, आणि ही नोंद कायम जाहीर राहील हे मला मान्य आहे. वकील नको, स्टॅम्पपेपर नको. एक ओळ. पण ती ओळ नसेल तर कितीही सुंदर कोड आत येत नाही.

मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या मनात येईल की हे जरा अतिच झालं. एक माणूस पदरमोड करून, रात्री जागून, फुकट काहीतरी देतोय आणि तुम्ही त्याची उलटतपासणी घेताय! मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर या सगळ्या गोष्टीचं सार आहे.

ड्रायव्हर एकदा आत घेतला की तो देणाऱ्याचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. दर वेळी आतली रचना थोडीफार बदलते. लिनक्सचा दंडक असा आहे की आतली रचना जो बदलेल, त्यानेच त्यावर अवलंबून असलेले आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. म्हणजे ईगल मोडेम ज्याने आयुष्यात पाहिला नाही असा माणूसही त्याचा ड्रायव्हर दुरुस्त करत असतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला हे संरक्षण नाही. त्याचा मालक कंटाळला किंवा कंपनीने लक्ष काढून घेतलं की पुढच्या आवृत्तीत तो मोडतो, आणि त्याच्याबरोबर चांगली चालणारी यंत्रं कचऱ्यात जातात.

म्हणून आत घेताना विचारतात तो प्रश्न ‘हे चालतं का?’ एवढाच नसतो. खरा प्रश्न असतो, ‘तू उद्या नसलास तर हे आम्हाला वाचता येईल का, सांभाळता येईल का?’ समासापासून सहीपर्यंतचे सगळे नियम या एका प्रश्नातून आले आहेत. ते देणाऱ्याचा अपमान करत नाहीत. त्याची देणगी त्याच्या पश्चात टिकावी, एवढीच त्यांची इच्छा असते.

इंग्रजीत या सांभाळणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. आपण दर महिन्याला मेंटेनन्स भरतो ना, तोच शब्द. लिनक्सच्या गाभ्यात एक मोठी यादी असते. कोणत्या भागाचा मेंटेनर कोण, आणि त्या भागाची स्थिती काय. स्थितीचे शब्द ठरलेले आहेत. पगारी माणूस सांभाळतो आहे, कोणीतरी सांभाळतो आहे, अधूनमधून डागडुजी होते, कालबाह्य. आणि एक शब्द आहे, ‘अनाथ’.

हा शब्द मोठमोठ्या कंपन्यांच्या कामालाही लागतो. आता 4जी-5जी मोडेमचे ड्रायव्हर कंपन्यांचे इंजिनिअर स्वतःच लिनक्सच्या रांगेत उभे राहून देतात. इंटेलचा असा एक मोडेम-ड्रायव्हर 2021 मध्ये दाखल झाला. 2025 मध्ये त्याच्यापुढे ‘अनाथ’ अशी नोंद करावी लागली. सांभाळणाऱ्याचा ई-मेल पत्ता चालेनासा झाला होता आणि नवा माणूस मिळाला नाही. पण बघा, ते लपवलं नाही. यादीत सरळ लिहिलं. अनाथ म्हणून लिहिलं, म्हणजे उद्या कोणीही पुढे येऊन म्हणू शकतो की हे मी घेतो. कोड उघडाच आहे.

आणि ज्याला कोणी वापरणारा उरला नाही, ते काढूनही टाकतात. आमच्या शाखांमध्ये लीज्ड लाईन बंद पडली की आयएसडीएनची लाईन कामी यायची. त्या आयएसडीएनसाठी लिनक्समध्ये असलेली जुनी व्यवस्था 2019 मध्ये काढून टाकली. वाईट वाटतं, पण ते बरोबर आहे. न वापरलेल्या गोष्टी सांभाळायलाही कोणाचा तरी वेळ जातो.

आता आपल्या घरी येतो. आपली संस्था पंचवीस वर्षांची झाली. या काळात संस्थेला प्रेमाने दिलेल्या गोष्टी कमी नाहीत, आणि पुढेही मिळतील. उद्या समजा कोणी आई-वडिलांच्या स्मरणार्थ गच्चीवर सौर पॅनेल देतो म्हणाला. आपण टाळ्या वाजवू, फोटो काढू. त्याच सभेत कोणी उठून विचारलं, ‘बिल कोणाच्या नावावर? वॉरंटीची कागदं कुठे राहणार? तीन वर्षांनी इन्व्हर्टर बिघडला तर कोण बघणार?’ तर आपल्याला तो माणूस खडूस वाटतो. माझी विनंती आहे की त्याला खडूस म्हणू नका. त्या देणगीची खरी काळजी तोच करतो आहे.

तसंच उलट बाजूनेही. लिनक्समध्ये ज्यांनी मोठे विभाग वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळले त्यांच्यातले काही थकून बाजूला झाले. शेरे मारणारे भरपूर, ओझं उचलणारे थोडे, ही तक्रार तिथेही आहे. आपल्या सेक्रेटरींनी आणि खजिनदारांनी माझ्याकडे बघून हसू नये! वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न विचारणं हा सभासदाचा हक्क आहे, आणि तो मी बजावत आलो आहे. पण त्या दुसऱ्या यादीत आपलं नाव कुठे आहे, हेही प्रत्येकाने एकदा बघावं.

म्हणून समितीपुढे एक साधी सूचना ठेवतो. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून नोटीस बोर्डावर एक तक्ता लावू या. पाण्याचा पंप, टाकीची सफाई, लिफ्टचा करार, अग्निशमन यंत्रांची मुदत, सीसीटीव्ही, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जुनी कागदपत्रं, कन्व्हेयन्सची फाईल. प्रत्येकापुढे सांभाळणाऱ्याचं नाव, त्याच्या गैरहजेरीत कोण त्याचं नाव, आणि सध्याची स्थिती. जिथे नाव नसेल तिथे लाजू नये. स्पष्ट अक्षरात ‘अनाथ’ असं लिहावं. मला खात्री आहे, सोसायटीच्या जिन्यावरून रोज येता-जाता तो शब्द वाचून कोणाला तरी चैन पडणार नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत तिथे एक नाव चढेल.

जुन्या कागदपत्रांच्या आणि कन्व्हेयन्सच्या फायलीपुढे माझं नाव आजच लिहून टाका. दुसरं नाव मात्र चाळिशीच्या आतलं कोणाचं तरी हवं. त्याला किंवा तिला सगळ्या फायली एकेक कागद दाखवून समजावून द्यायची माझी तयारी आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता, सोसायटीच्या ऑफिसात.